हाउसमाइस्टर टुप मेक्सिकोला गेला नाही

रूबेन, तू गेल्याचं कळलं तेव्हा तुझे डोळे माझ्यासमोर अर्धवट मिटलेले होते. स्क्रीनवर. पापणी लवताना नेमकं चित्र थांबवलं की भलाभला माणूस झिंगल्यासारखा दिसतो. तुझा तसा चेहरा सापडला की मी तो मुद्दाम तसाच ठेवून द्यायचे, तू आलास की चिडवायला. त्या मंगळवारीही ठेवला होता. दोन वाक्यांच्या मागे ट्रामचा खडखडाट आला होता म्हणून तू सकाळी ती पुन्हा बोलून द्यायला येणार होतास. आपली प्रोड्यूसर हाइके दारात येऊन म्हणाली, "माधवी, रूबेन येणार नाहीये."

मी मान वर न करता म्हटलं, "मग उद्या ये म्हणावं त्याला. पण एपिसोड लांबला तर माझ्या नावाने बोंबलायचं नाही."

ती हलली नाही, म्हणून मी वर बघितलं. मग तिने सांगितलं. यू-बानच्या, भुयारी रेल्वेच्या, सरकत्या जिन्यावर तू खाली बसलास. लोकांना वाटलं, दम लागला. डॉक्टर येईपर्यंत हृदय थांबलं होतं.

मी काय करावं? मी चित्र थोडंसं पुढे सरकवलं. तुझे डोळे उघडले. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू. मग पुढे काय करायचं ते सुचेना, म्हणून आणखी सरकवलं, तर तू किल्ल्यांचा जुडगा वाजवत हसायलाच लागलास. हाइके दाराला टेकून रडत होती, तू हसत होतास, आणि मी माऊस धरून दोघांच्या मध्ये बसले होते.

तीन आठवडे होत आले, तरी माझं डोकं तिथेच अडकलंय. माणूस गेलं की त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नाही म्हणतात. माझी पंचाईत वेगळी आहे. माझं कामच मुळी तुझ्याकडे बघण्याचं. तुझ्याशिवाय ती खोली कशी असते, हे मला अजून माहीतच नाही.

पुण्याला आईला फोन केला तेव्हा तू कोण होतास ते पहिल्यापासून सांगावं लागलं. ती एकेक विचारत गेली. नट होता का? हो. अमेरिकन? हो, टेक्ससचा, पण आजी-आजोबा मेक्सिकोतून आलेले. आणि राहायचा तुमच्या फ्रँकफर्टला? हो. लहान मुलांच्या कार्यक्रमात? हो गं. आई म्हणाली, "बाई बाई, केवढं लांब यावं लागलं बिचाऱ्याला, पोरं हसवायला."

तुला हे आवडलं असतं. तू हे वाक्य पुढचे सहा महिने सगळ्यांना ऐकवलं असतंस आणि दर वेळी त्यात आणखी भर घातली असतीस.

लांबून तर तू आलाच होतास. अमेरिकन सैन्यात स्वयंपाकी म्हणून इथे आलास, तळावरच्या शाळेत पोरांची नाटकं बसवलीस, आणि तळ बंद होऊन सगळे घरी गेले तेव्हा तू एक बॅग घेऊन मागे राहिलास. नट व्हायचं होतं तुला. आधी एकदा कॅलिफोर्नियात जाऊन बघितलं होतंस. तिथे म्हणाले, तुझं स्पॅनिश फारच कच्चं आहे. इथे म्हणाले, तुझं जर्मन फारच चांगलं आहे, जरा बिघडवून बोल. मग मोठी टोपी घालून चिप्सच्या जाहिराती केल्यास. टीव्हीवरच्या पोलिसी मालिकांत तुला तीनदा गोळी घातली, एकदा पुलावरून फेकलं. "मेलो नाही असा रोल मिळाला की आईला फोन करायचो," असं तू सांगायचास आणि आम्ही कॅन्टीनमध्ये हसून हसून लोळायचो.

आणि मग टुप. एका जुन्या इमारतीचा हाउसमाइस्टर, म्हणजे देखभाल करणारा, निळा डगला, कमरेला किल्ल्या. दर रविवारी एक दार उघडायचं आणि आत काय आहे ते मुलांना दाखवायचं, एवढाच तो कार्यक्रम. टुप कुठला, त्याचे उच्चार असे का, हे कुणी कधी विचारलं नाही. पोरांच्या लेखी तो त्या जिन्याचा होता. "एवढ्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुठला तरी आहे," असं तू मला एकदा म्हणाला होतास, तेही तोंडात घास असताना, जाता जाता.

पोरं सोडली तर बाकीच्यांनी तुला मेक्सिकन करून टाकलं होतं. बेकरीतली बाई, हाइके, माझा नवरा शिरीषसुद्धा. वर्ल्ड कपच्या उन्हाळ्यात मेक्सिकोने गोल केला की शेजारी तुझं अभिनंदन करायला यायचे. अमेरिका हरली तेव्हा तुझ्या खांद्यावर हात ठेवायला कोणी आलं नाही. तू ते मला तिखटमीठ लावून सांगितलंस. मी विचारलं, "मेक्सिकोला गेलायस तरी का कधी?" तू म्हणालास, "एकदा. पंधरा दिवस. त्यातले दहा संडासात." मी हसले. का गेला होतास, ते विचारायचं राहिलं.

आपली ओळख भांडणातूनच झाली. मी एडिटिंगला नवीन लागले होते, माझं जर्मन लंगडं, आणि पहिल्याच आठवड्यात तू तणतणत माझ्या खोलीत आलास. "तू माझं थांबणं कापलंस."

टुप सुरुवातीला कॅमेऱ्याच्या काचेवर बोटाने टकटक करतो आणि विचारतो, "आहेस का तिथे?" मग थांबतो. मग त्याचा चेहरा उजळतो आणि तो म्हणतो, "अरे, आहेस की!" तुझं ते थांबणं भलतंच लांब होतं. बघणाऱ्याला वाटावं टीव्ही बिघडला. मी ते अर्ध्यावर आणलं होतं.

"मुलाला उत्तर द्यायला वेळ लागतो," तू म्हणालास.

"एवढ्या वेळात मूल मुतून परत येईल."

"येऊ दे की. आल्यावर मी तिथे असायला हवा."

त्या दिवसापासून आपण भांडतोय. तू थांबणं वाढवायचास, मी कापायचे. तू शूटिंगला आणखी लांब थांबायला लागलास, म्हणजे मी अर्धं कापलं तरी तुला हवं तेवढं उरेल. मला ते कळलं तेव्हा मी पाऊण कापायला लागले. हाइके म्हणायची, तुमच्यापेक्षा ती पोरं समजूतदार आहेत. आणि हे बघ, तू गेलास म्हणून मी मत बदललेलं नाही. ते लांबच होतं.

तुझी दुसरी एक खोड होती. काचेकडे बघून खोटं खोटं थांबता येत नाही म्हणायचास. कॅमेऱ्याच्या खाली कुणीतरी बसून खरोखर उत्तर दिलं पाहिजे, आवाज मागाहून काढून टाका हवं तर. आधी तिथे कुणीही बसायचं. एकदा कुणी सापडेना म्हणून मला ओढून नेलंस. उकिडवी बसून माझे पाय भरून आले होते, जेवायची वेळ टळली होती, आणि तू वरून टकटक करून विचारलंस, "आहेस का तिथे?" मी चक्क मराठीत म्हटलं, "आहे रे बाबा, आहे. पुढे बोल, भूक लागलीय."

तुला अक्षर कळलं नाही. पण तुझा चेहरा असा काही फुलला की कॅमेरामनसुद्धा हसला. त्यानंतर दर वेळी तुला मीच हवी असायचे. "बाकीचे छान उत्तर देतात. माडवी खरं उत्तर देते," म्हणायचास. "धवी" तुझ्या जिभेला शेवटपर्यंत जमलं नाही. त्यामुळे टुपच्या कित्येक टेपांवर त्या थांबण्याच्या खाली माझी कुरकुर आहे. तीही मीच कापायचे, दर आठवड्याला, स्वतःच्या हाताने.

मग तू आमच्या घरी यायला लागलास. तुझ्या टेक्ससच्या गव्हाच्या तोर्तिया आणि माझ्या पोळ्या यांचं भांडण झालं. तुझ्या जाड असायच्या, हेही मी मागे घेत नाही. माझी लेक इरा तुला रूबेनमामा म्हणाली तेव्हा दचकलास, जर्मनमध्ये मामा म्हणजे आई ना? मी म्हटलं, आईचा भाऊ. तू ते फारच मनावर घेतलंस आणि भावाच्या हक्काने डबा मागायला लागलास. इरा माझ्याशी जर्मनमध्येच बोलते, मी मराठीत विचारलं तरी. तू म्हणायचास, "माझंही आजीशी असंच होतं. ती स्पॅनिश, मी इंग्लिश. समजत होतं आम्हाला."

आणि मग ती मेली ना, फ्राउ मायर.

टुपच्या जिन्यातला सोनेरी मासा. ईस्टरच्या सुट्टीत टाकीतच मेला. कुणीतरी तसाच दुसरा आणून सोडला आणि काम पुढे सुरू झालं. तुझ्या मात्र लक्षात आलं. भर मीटिंगमध्ये तू म्हणालास, "फ्राउ मायर मेली आहे. टुप हे मुलांना सांगेल."

हाइके नको म्हणाली. मी तिच्या बाजूने उभी राहिले. रविवारी सकाळी पोरं ब्रेडला जॅम लावत बसलेली असतात, त्यांच्या पुढ्यात मेलेला मासा कशाला? तू तो विषय उन्हाळाभर सोडला नाहीस. कॅन्टीनमध्ये, ट्रामच्या थांब्यावर, आमच्या घरी जेवताना. शेवटच्या शुक्रवारीसुद्धा तेच.

"खरं सांगितलं नाही तर मुलं वाट बघत बसतात, माडवी."

"कुणाची? माशाची?"

मी हसले. तू हसला नाहीस. मी म्हटलं, "तुला त्या माशाचं एवढं काय लागून राहिलंय, ते तरी सांग एकदाचं."

तू किल्ल्यांशी चाळा करत राहिलास. मग म्हणालास, "बरं, पुन्हा केव्हातरी." आणि डगला काढून ठेवून निघून गेलास. मला वाटलं, आहे की सोमवार, आहे की मंगळवार.

तू गेल्यावर दोन दिवसांनी हाइकेने मला बोलावलं. शेवटचा एपिसोड तयार होता, त्याच्या अखेरीला एका मुलीच्या आवाजात एक वाक्य घालायचं होतं. तिने ते वाचून दाखवलं. "हाउसमाइस्टर टुप आता आपल्या घरी, दूर मेक्सिकोला गेला आहे. तिथे खूप ऊन आहे. तो तुमची आठवण काढतो."

मला हसू फुटलं. खरंच सांगते, मी फिदीफिदी हसले आणि ते थांबेना. हाइकेला वाटलं मला धक्का बसलाय, तिने पाणी दिलं. पंधरा दिवस, त्यातले दहा संडासात, एवढं मी कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, "माधवी, मलाही हे आवडत नाही. पण चार वर्षांच्या मुलाला मी काय सांगू? जिना चढताना माणूस मरतो?" तिचे डोळे सुजलेले होते. ती वाईट बाई नाही, तुलाही ठाऊक आहे. उन्हाळाभर मीही तेच तर म्हणत होते. फक्त मासा होता तेव्हा.

मग तुझी डेलिया आली. तुला बहीण आहे हे माहीत होतं, पण ती तुझ्यासारखीच मान तिरकी करून बघते हे कोणी सांगितलं नव्हतं. मी तिला विमानतळावर लांबूनच ओळखलं. तू नक्की काय काम करायचास ते तिला धड माहीत नव्हतं. आई गेल्यापासून फोनही कमीच झाले होते, म्हणाली. मी तिला माझ्या खोलीत बसवून टुप दाखवला. भाषा कळत नव्हती तरी ती हसत होती. तू टकटक केलीस तेव्हा मात्र तिचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी हाइकेने तिला ते वाक्य ऐकवायचं ठरवलं. घरच्यांची संमती हवी म्हणून. हाइकेला असल्या नाजूक वेळी स्वतःच्या इंग्रजीचा भरवसा वाटेना, म्हणून मी मध्ये. मी शब्दाला शब्द ठेवून सांगितलं: टुप मेक्सिकोला गेला आहे, तिथे खूप ऊन आहे, तो तुमची आठवण काढतो.

डेलियाने माझ्याकडे बघितलं. "हे त्याने सांगितलं होतं का तुम्हाला?"

"काय?"

"म्हणजे नाही सांगितलं."

मग तिने सांगितलं आणि मी हाइकेला सांगत गेले. रूबेन, तुझ्या तोंडून जे ऐकायचं होतं ते मी माझ्याच तोंडाने जर्मनमध्ये सांगत होते.

तू पाच वर्षांचा होतास. वडील रस्त्यावरच्या अपघातात गेले. डेलिया मोठी, तिला कळलं. तुला मावशीने जवळ घेऊन सांगितलं, पप्पा कामाला मेक्सिकोला गेलेत, तिथे खूप ऊन असतं, ते तुझी आठवण काढतात. सगळ्यांना वाटलं, पोर आहे, विसरेल. तू विसरला नाहीस. शाळेतून आलास की पप्पांच्या खोलीचं दार वाजवायचास आणि थांबायचास. आले असले तर, म्हणून. मोठ्या मुलांनी एकदा भांडणात खरं काय ते तोंडावर फेकलं, तोपर्यंत वाजवत होतास. आणि मोठा झाल्यावर, सगळं ठाऊक असताना, एकदा मेक्सिकोला जाऊन आलास. कशाला ते डेलियालाही सांगितलं नाहीस.

दार वाजवून किती वेळ थांबायचास, ते मी तिला विचारलं नाही. मला माहीत होतं. तेच तर मी दर आठवड्याला कापत होते.

तू आता म्हणशील, दोन्हींचा काही संबंध नाही, टुप म्हणजे टुप. असेलही. तू समोर असतास तर मी वाद घातला असता. उन्हाळाभर तू माशाबद्दल बोलत होतास आणि मी माशाबद्दलच ऐकत होते. एकदा सरळ सांगायचं होतंस. एवढी तोंडाळ मी, दोन मिनिटं गप्प बसले असते. राग येतोय मला तुझा. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण कोण म्हणतं? त्यांनी तुझ्याशी भांडून बघावं आधी.

हाइकेने तो कागद दुमडून पर्समध्ये टाकला. डेलियाला तिने एवढंच म्हटलं, "मी स्वतः सांगेन." आणि डेलिया म्हणाली, तुला टेक्ससला नेणार नाही, इथेच ठेवणार. म्हणजे पोरांना खरोखरच सांगता येईल, टुप कुठे गेला नाही. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

शेवटचा एपिसोड मी पुन्हा उघडला. कापलेलं थांबणं परत जोडलं, सगळंच्या सगळं. खालून माझा आवाज आला, "आहे रे बाबा, आहे. पुढे बोल, भूक लागलीय." ऐकून मी टेबलावर डोकं ठेवलं. मग तो आवाज काढून टाकला, कारण ती जागा माझी नव्हे, पोरांची आहे. हे तूच शिकवलंस. तुला धन्यवाद म्हणायचं तर याच्यासाठी म्हणते, बाकीचं राहू दे.

आज रविवार. सकाळी इरा नेहमीसारखी जमिनीवर बसली होती, शिरीष चहा घेऊन तिच्या मागे. तिला आम्ही आधीच सांगितलं होतं, रूबेनमामा मेला. तिने तेव्हा विचारलं होतं, दुखलं का? मी म्हटलं, माहीत नाही. आधी पडद्यावर हाइके आली, नेहमीच्या स्वेटरमध्ये, आणि म्हणाली, टुपचं काम करणारा रूबेन मेला आहे, आता नवीन भाग येणार नाहीत, हा त्याने केलेला शेवटचा. तिचा आवाज कापरा झाला, पण तो शॉट तिने पुन्हा घेतला नव्हता. मग जिना आला, निळा डगला आला, आणि तू काचेवर टकटक केलीस.

"आहेस का तिथे?"

इरा मागे वळली आणि तिने जर्मनमध्ये विचारलं, "पण तो मेलाय ना? मग विचारतोय कुणाला?"

तू तिकडे वाट बघत होतास, किल्ल्या हातात धरून. इरा थोडा वेळ तुझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, "आई, दू बिस्ट ड्रान." तुझी पाळी.

मी शिरीषकडे बघितलं, मग परत तुझ्याकडे. मी एरवी ठेवायचे तेवढंच ठेवलं असतं तर तू केव्हाच पुढे निघून गेला असतास. पण तू अजून तिथेच थांबला होतास.

"आहे रे बाबा, आहे," मी म्हटलं. "पुढे बोल."